मशेरी खात नाहीत, लावतात

प्रश्न क्रमांक सतरा मला झोपेतून उठवून विचारला तरी येईल. 'आपण तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' हा प्रश्न मी आमच्या गावातल्या सहाशे बारा बायकांना विचारला. सहाशे बारा जणींनी 'नाही' म्हणून सांगितलं. आणि आता नीट ऐका, त्यातली एकही खोटं बोलली नव्हती.

मी नूतन जमदाडे. तासगावच्या पुढं चिंचोळेवाडी म्हणून गाव आहे, तिथं पंचवीस वर्षं आरोग्याचं काम केलं. लसीकरण, बाळंतिणी, कुष्ठरोगाचा सर्व्हे, जे सांगतील ते. मग विमा सक्तीचा करणारा कायदा आला. सर्वारोग्य विमा त्याचं नाव. श्रीमंत, गरीब, तान्हं, म्हातारं, कुणालाच सुटका नाही. प्रत्येकाच्या कमाईतून हप्ता परस्पर कापायचा, आणि जो आजारी पडेल त्याचं सगळं विम्यानं बघायचं. कल्पना चांगली होती. एवढं सगळं होऊनही मी म्हणते, चांगलीच होती. आमच्या सासूबाई छातीचं दुखणं घेऊन घरातच गेल्या, कारण मिरजेच्या दवाखान्याचं नाव काढायचीसुद्धा आमची छाती नव्हती. तेव्हा हा कायदा असता तर त्या नातवंडांची लग्नं बघून गेल्या असत्या.

तर घरोघरी जाऊन टॅबवर बायकांची माहिती भरायचं काम माझ्याकडं आलं. हुद्दा मिळाला 'माहिती-संकलक'. बायका दिवसा घरी सापडतात कुठं? त्या बेदाण्याच्या शेडवर. म्हणून मी शेडवरच गेले. पन्नासेक जणी मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात बेदाण्याचे ढीग, देठ काढायचे, काळे मणी बाजूला सारायचे. बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास तर असा की पहिल्या पाच मिनिटांत नाक बंद. माझी धाकटी जाऊ कांचन पुढच्याच रांगेत होती.

"सेवन म्हंजे काय गं अक्का?" तिनं विचारलं.

"खाणं गं. पोटात घेणं."

"अगं बाई! आम्ही काय बापयमाणसं हाय व्हय तंबाखू खायला?"

शेडभर हशा पिकला. मीपण हसले. 'नाही' वर बोट ठेवलं, नोंद झाली. मग कांचननं कनवटीची डबी काढली, चिमूटभर मशेरी बोटावर घेतली आणि दातांवरून फिरवायला लागली. डबी माझ्यापुढं केली. मी घेतली, लावली आणि पुढचीला प्रश्न विचारला.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते कपाळावर हात मारतात. अहो, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची, झाली मशेरी. ती तंबाखूचीच असते हे आम्हाला काय माहीत नाही? पण भाकरी ज्वारीची असते म्हणून कुणी 'आज दुपारी ज्वारी खाल्ली' असं म्हणतं का? तंबाखू खातात ती पुरुषमाणसं. चुना लावून, मळून, गालात धरून. मशेरी लावतात. दाताला लावायची, जरा वेळ बसायचं, चूळ भरून टाकायची. पोटात काय जात नाही. त्यात कसलं आलंय सेवन? माझ्या आईनं मला अकराव्या वर्षी लावायला शिकवली, दाढ दुखत होती म्हणून.

दोन वर्षांनी शेजारच्या गावातल्या उपकेंद्रात लाळकाडीचं यंत्र आलं. पाटीएवढा डबा आणि सोबत कापसाच्या बोळ्यासारख्या काड्या. गालाच्या आतून काडी फिरवायची, डब्यात खोचायची, वीस मिनिटांत उत्तर. आमचे मुजावर डॉक्टर तरुण, समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी मला असं सांगितलं होतं.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची एक लांबलचक पोथी असते. पोथीतली अक्षरं जन्मभर तीच राहतात. पण आपण जे खातो, पितो, ओढतो, त्यानं काही ठरावीक पानांवर बारीक रासायनिक टिकल्या चिकटतात. टिकली चिकटली की ते पान नीट वाचलं जात नाही. तंबाखूची पानं ठरलेली, दारूची वेगळी. सवय सुटली तर काही टिकल्या हळूहळू गळतात, काही कायमच्या राहतात. किती चिकटल्या, किती गळल्या, कुठल्या राहिल्या याचा हिशेब मांडला की सवय कुठल्या वयात लागली ते वर्ष-दीड वर्षाच्या फरकानं सांगता येतं. माणूस काय बोलतो त्याची गरजच उरत नाही.

"आणि दुसरं काम याहून मोठं," डॉक्टर म्हणाले होते. "तोंडात एखादी पेशी बिघडायला लागली की तिच्या पोथीचे तुकडे लाळेत पडतात. डोळ्याला काही दिसायच्या आधी हे यंत्र ते तुकडे ओळखतं. नूतनताई, या काडीमुळं माणसं वाचणार आहेत बघा."

वाचणारच होती. फक्त काड्या मोजक्या यायच्या, म्हणून नियम असा की ज्यानं तंबाखूला 'हो' म्हटलंय किंवा ज्याची तोंडाची तक्रार आहे, त्याचीच लाळ घ्यायची. आमच्या बायकांनी 'नाही' म्हटलं होतं. त्यामुळं ते यंत्र उपकेंद्रात आलं, पण आमच्या बायकांच्या तोंडापर्यंत पोचलंच नाही.

कांचन उपकेंद्रात गेली ती तिखटानं गाल झोंबतो म्हणून. मीच घेऊन गेले. काडी फिरवली, आम्ही बाकावर बसलो, ती लेकीच्या बाळंतपणाचं काहीतरी सांगत होती. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी आत बोलावलं.

डाव्या गालात बिघाड होता. सुरुवातीचा. तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर शंभरातल्या नव्वद बायका बऱ्या होतात, डॉक्टर म्हणाले. कांचननं माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. विमा हाय. मिरजेला जाऊ, चार दिवसांत घरी."

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली.

खाली दुसरी ओळ होती. तंबाखूचा संपर्क: दीर्घकाळ, सध्या चालू. सुरुवात: अंदाजे वय वीस. आणि त्याच्या खाली लाल अक्षरात: 'जाहीर माहितीशी विसंगत. माहिती दडवल्यामुळे तोंड, घसा व फुप्फुसाच्या आजारांचे संरक्षण स्थगित.' कुठल्याच साहेबानं सही केली नव्हती. आम्ही बाकावर गप्पा मारत होतो तेवढ्यात यंत्रानं माझा टॅबमधला 'नाही' शोधून काढून स्वतःच ठरवलं होतं.

"मी कवा तंबाखू खाल्ली?" कांचन ओरडलीच. "डॉक्टर, लेकीची आण घेऊन सांगते, ह्या तोंडानं कधी तंबाखू खाल्ली न्हाई!"

डॉक्टरांनी तिच्या काळ्या दातांकडं बघितलं, मग माझ्या. माझी मान खाली गेली.

आम्ही रिक्षानं परत निघालो. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "अक्का, वय वीस म्हंजे माझं लगीन झालं ते साल."

"व्हय."

"लेक पोटात हुती. मळमळायचं मला."

"व्हय गं."

मी माझ्याच डबीतली दिली होती. 'लाव जरा, मळमळ थांबती' म्हणून. ती लावेना तर मीच तिच्या बोटावर ठेवली, गालाकडं कशी फिरवायची ते दाखवलं. त्या यंत्राला माझं नाव ठाऊक नव्हतं, पण वर्ष बरोबर सापडलं होतं. मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघतोय याचंही भान राहिलं नाही.

"रडू नगंस," कांचन म्हणाली. "तू चांगल्यासाठीच दिलीस." तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी आम्ही दोघी सांगलीला विम्याच्या तक्रार कचेरीत गेलो. श्रीमती वर्तक म्हणून अधिकारी होत्या. वाईट बाई नव्हत्या. टेबलावर फायलींचा ढीग, डोळ्यांखाली काळं, डबा उघडून ठेवलेला आणि पोळी तशीच. मी त्यांना सगळं सांगितलं. खाणं आणि लावणं यातला फरक सांगितला, भाकरीचंसुद्धा सांगितलं.

"माझी आजी लावायची," त्या म्हणाल्या. "मला कळतंय हो बाई. पण हा पैसा सगळ्यांचा आहे. उद्या प्रत्येकजण म्हणेल, मला शब्द कळला नव्हता. मग खरं सांगणाऱ्यानं काय करायचं?"

"पण हिनं खरंच सांगितलं हुतं."

"असेल. इथं बघा." त्यांनी अर्ज पुढं सरकवला. त्यावर कारणाच्या दोनच चौकटी होत्या. एक, 'लाभार्थीने चुकीची माहिती दिली.' दुसरी, 'संकलकाने प्रश्न विचारलाच नाही.' पहिलीवर खूण केली तर कांचनचं संरक्षण गेलं. दुसरीवर केली तर तिचं संरक्षण परत मिळणार, आठवड्यात ऑपरेशनला मंजुरी.

"विचारला, पण शब्द चुकला. अशी चौकट कुठाय?" मी विचारलं.

"तशी नाही."

"मॅडम, जे झालं ते तेच आहे."

"मला दिसतंय. पण चौकटी दोनच आहेत." मग त्यांनी दुसऱ्या चौकटीचा पुढचा भाग स्वतःहून वाचून दाखवला, फसवायचं नाही म्हणून. माझं काम जाणार, कायमचं. आणि मी भरलेल्या बाकीच्या सगळ्या नोंदी रद्द होणार. नवीन संकलक येऊन पुन्हा माहिती घेईपर्यंत गावातल्या सगळ्या बायकांचे उपचार थांबणार. पुन्हा विचारताना जी 'हो' म्हणेल तिची लाळ दर तीन महिन्यांनी तपासणार. तीनदा तंबाखू सापडली की तिचंही संरक्षण बंद.

पंचवीस वर्षं डोळ्यांपुढून गेली असं काही म्हणत नाही, तेवढा वेळच नव्हता. पेन हातात होतं. मी दुसऱ्या चौकटीवर खूण केली.

खाली कांचनची सही लागत होती. 'मला प्रश्न विचारण्यात आला नाही.' तिनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"अक्का, तू विचारलं हुतंस की. शेडात. मीच सेवन म्हंजे काय म्हणून विचारलं. पन्नास बायका साक्षीला हायत."

"गप बस आणि सही कर."

"खोटं हाय ते."

"कांचन, मर्दिनी, गाल तुझा जायचाय का त्या कागदाचा? सही कर!"

वर्तक मॅडम खिडकीकडं बघत बसल्या. कांचननं सही केली आणि पदरानं डोळे पुसले. खरं सांगितलं तेव्हा खोटारडी ठरली, आणि आता पहिल्यांदा खोटं लिहून दिलं तर सरकारनं ते खरं धरलं. मी अर्जाखाली दोन ओळी खरडल्या: 'सेवन हा शब्द काढा. मशेरी लावता का, असं विचारा.' कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

कांचनचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. डाव्या गालाचा आतला भाग काढला, मांडीची कातडी लावली. वाचली. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, शब्द जड येतात, भात पातळ कालवून खाते. पण आहे. सकाळी अंगणात तिचा खराट्याचा आवाज येतो तेव्हा मी देवाला हात जोडते.

गावानं मात्र मला सोडलं नाही. एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अडलं, एकीच्या साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. "जावंसाठी अख्खं गाव खड्ड्यात घातलंस," हे मी पाण्याच्या टाकीपाशी ऐकलं, किराणाच्या दुकानात ऐकलं. खरंच होतं. ज्यांच्या पोरांना मी पोलिओचे थेंब पाजले त्या बायका मला बघून दार लोटून घ्यायला लागल्या. काम गेलं होतं, घरी बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून मीही शेडवर जायला लागले. बायका सरकून बसायच्या, जागा द्यायच्या, बोलायच्या नाहीत. महिन्याभरानं कांचन परत आली आणि माझ्या शेजारी बसली.

आणि मशेरी? सुटली असेल असं वाटेल तुम्हाला. नाही सुटली. जावेचा गाल कापलेला डोळ्यांनी बघितला, मलमपट्टी या हातांनी केली, तरी सकाळी उठलं की हात डबीकडंच जातो. बारा दिवस सोडली होती. तेराव्या दिवशी न्हाणीत दार लावून लावली. मला माझीच लाज वाटते. आणि गेला महिनाभर डाव्या गालात आतून काहीतरी खरखरीत लागत होतं. जीभ सारखी तिथंच जायची. कुणाला सांगितलं नव्हतं.

नवीन संकलक दीप्ती मॅडम मार्च महिन्यात शेडवर आल्या. पस्तिशीतल्या, इस्लामपूरच्या, तोंडावर मास्क, हातात माझाच जुना टॅब. आणि सोबत लाळकाड्यांची पेटी. त्यांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. मी लांबून ऐकत होते. सतरावा प्रश्न आला तेव्हा माझा हात बेदाण्यात थांबला.

"आपण मशेरी, मिश्री किंवा तपकीर लावता का?"

कुणीतरी वाचल्या होत्या माझ्या दोन ओळी! क्षणभर ऊर भरून आला. चला, म्हटलं, काम गेलं तरी शब्द तरी सुधारला.

"न्हाई बाई," पहिली म्हणाली. "आम्ही मंजन लावतो."

"मंजन," दुसरी म्हणाली.

"साधं मंजन, घरचं," तिसरी.

दीप्ती मॅडम नाही, नाही, नाही अशा खुणा करत पुढं सरकल्या. बायकांच्या कनवटीला त्याच डब्या होत्या, आत तीच काळी पूड. नवीन संकलक येणार कळल्यापासून आठ दिवसांत अख्ख्या शेडानं तिचं नाव बदललं होतं, मला पत्ताही लागू न देता. शब्द चुकीचा होता तेव्हा त्या खरं बोलल्या. आता शब्द बरोबर आला आणि सगळ्या खोटं बोलायला लागल्या. माझ्यामुळंच. 'हो' म्हटलं की दर तीन महिन्यांनी लाळ आणि तीनदा सापडली की संरक्षण बंद, हे गावभर झालं होतं. 'नाही' म्हणून पुढं गाल झोंबला तर काय होतं, ते त्यांनी माझ्याच घरात बघितलं होतं, पण ते पुढचं. पुढचं कुणाला दिसतं?

इतका थकवा आला की हातातला देठ खाली पडला. वाटलं, आपण पण मंजन म्हणावं. सगळ्या म्हणतात, आपल्या एकटीनं काय अडलंय. गावात पुन्हा उभं राहता येईल. बायका बोलायला लागतील.

"नाव?"

"नूतन जमदाडे."

दीप्ती मॅडमनी मान वर करून बघितलं. नाव ऐकून असाव्यात. सोळा प्रश्न झाले. माझी जीभ गालातल्या त्या खरखरीत जागी गेली होती.

"आपण मशेरी, मिश्री किंवा तपकीर लावता का?"

पुढच्या रांगेतल्या बायका मागं वळून बघायला लागल्या. एकीनं ओठांनीच मला सांगितलं, मंजन म्हण. मी कांचनकडं बघितलं. ती खाली मान घालून देठ काढत होती.

"लावते," मी म्हटलं. "अकराव्या वर्षापासून. आज सकाळी पण लावली. आणि मॅडम, इथं मंजन म्हणतात ते हेच."

शेडमध्ये एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मेली ही! परत!" दुसरीनं डबी मांडीखाली सारली. दीप्ती मॅडम आधी गोंधळल्या, मग पेटी उघडून त्यांनी एक काडी काढली.

"आ करा," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. मॅडम काडी उजव्या गालाकडं न्यायला लागल्या, तेवढ्यात कांचननं त्यांचं मनगट धरलं. तिचं तोंड अर्धंच उघडतं, शब्द एकेक करून बाहेर येतात, त्यामुळं सगळं शेड कान देऊन ऐकतं.

"तिकडं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "डाव्या गालात फिरवा. डावीकडंच लावती ती. मला बी तिनं तिकडंच लावायला शिकवलंय."